सी प्लस प्लस: क्लास चार फायलींत वापरायचाय, पण ‘बाकी’ फक्त हिशेबानंच बदलावी

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे, वडील चालवतात. सकाळ-संध्याकाळ मिळून साठेक सभासद दूध घालतात आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. लिटर, फॅट, डिग्री, त्यावरून दर, मग पेंडीची आणि उचलीची कपात. वडील हे सगळं आजवर वहीत करत आलेत. मी त्याचा प्रोग्रॅम लिहितोय. सी प्लस प्लस निवडलं, कारण तेवढीच भाषा मला नीट येते.

एकाच फायलीत ९०० ओळी झाल्या तेव्हा सरांनी फायली वेगळ्या करायला सांगितलं. आता सभासद.एच मध्ये ‘सभासद’ हा क्लास आहे. संकलन.सीपीपी रोजचं दूध नोंदवते, हिशेब.सीपीपी बिल काढते, अहवाल.सीपीपी पावत्या छापते, आणि मेन.सीपीपी. चारही फायली सभासद.एच इन्क्लूड करतात.

पहिली अडचण: सभासद.एच मध्ये क्लासच्या खाली ‘दरकाढ’ हे फंक्शन पूर्ण लिहिलंय, फॅट आणि डिग्रीवरून दर देणारं. प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल होते, पण लिंक करताना (सगळ्या जोडून एक प्रोग्रॅम बनवताना) ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ दरकाढ’ येतं. वर इफ-एन-डेफचा गार्ड आहे, तीनदा तपासला. गार्ड असताना फंक्शन दोनदा येतंच कसं?

दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे. सभासदाला द्यायची रक्कम, म्हणजे क्लासमधली ‘बाकी’, प्रायव्हेट होती, फक्त त्या क्लासच्या फंक्शनांना उघडी. हिशेब.सीपीपीतून ‘स.बाकी’ म्हटलं की ‘इज प्रायव्हेट विदिन धिस कॉन्टेक्स्ट’ यायचं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात डेमो होता, म्हणून मी सरळ पब्लिक करून टाकलं. चाललं. मागच्या बिलाला वडिलांनी पहिल्यांदा वहीऐवजी माझ्या पावत्या वाटल्या. एका आजींच्या दोन म्हशी आहेत. त्यांची पावती प्रिंटरमध्ये अडकली म्हणून दुबार प्रत काढली, आणि त्या प्रतीत बिल पेंडीच्या एका पोत्यानं कमी आलं, १,५५० रुपयांनी. आजी काही बोलल्या नाहीत, पैसे पदरात बांधून गेल्या. रात्री वडिलांनी वही लावून बघितली तेव्हा कळलं. दुबार प्रत छापणाऱ्या फंक्शनमध्ये मी परत एकदा ‘स.बाकी -= पेंड’ लिहिलं होतं. वडील सकाळचं दूध सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन पैसे देऊन आले. मला रागावले नाहीत, पण वही परत टेबलावर आलीय.

म्हणून विचारतोय. बाकी सगळ्या फायलींना दिसावी, पण बदलावी फक्त हिशेब.सीपीपीनं. ‘या फायलीलाच परवानगी’ असं सांगता येतं का?

(मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कोडमधले शब्दही मराठी अक्षरांत आहेत.)

---

सातवा_बेंच

बाकी प्रोटेक्टेड कर आणि हिशेब हा क्लास सभासदमधून इनहेरिट कर, म्हणजे त्याला हात लावता येईल. नाहीतर गेटबाकी आणि सेटबाकी अशी दोन फंक्शनं लिही, सगळे तसंच करतात. दरकाढच्या पुढे इनलाइन लिही, ती एरर जाईल.

---

जुनी_मेकफाइल

वारणाकाठ, तुझ्या दोन्ही अडचणी एकाच गैरसमजातून आल्यात. मी हा गैरसमज इतक्या नव्या मुलांत बघितलाय की जरा सविस्तर लिहिते. गेली वीस वर्षं मी पुण्यात यंत्रांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितेय, बहुतेक सगळं सी प्लस प्लसमध्ये.

सी प्लस प्लसमध्ये कुंपणं दोन आहेत. एक क्लासचं, दुसरं फायलीचं. क्लासचं कुंपण, म्हणजे पब्लिक-प्रायव्हेट, फक्त कंपायलरला कळतं. फायलीचं कुंपण फक्त लिंकरला. दोघांना एकमेकांची खबर नसते. हे असं का, त्याला कारण आहे. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये काम सुरू केलं तेव्हा त्यांनी सी भाषेत क्लास आणले, पण लिंकर मात्र आधीपासून चालत आलेलाच वापरायचा होता. त्या लिंकरला नावं आणि पत्ते एवढंच ठाऊक. प्रायव्हेट म्हणजे काय हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. त्यामुळे ‘या फायलीलाच परवानगी’ असं प्रायव्हेटमधून सांगता येत नाही. प्रायव्हेट विचारतं की तू कोणत्या क्लासचा. कोणत्या फायलीतला, हे विचारत नाही. सभासदचं मेंबर फंक्शन दहाव्या फायलीत लिहिलं तरी ते बाकीला हात लावू शकतं. एवढंच नाही, एका सभासदाचं फंक्शन दुसऱ्या सभासदाची बाकीसुद्धा वाचू शकतं, कारण क्लास तोच. उलट क्लासच्या अगदी खालच्या ओळीवर, त्याच फायलीत साधं फंक्शन लिहिलंस तर त्याला मनाई.

आता दरकाढ. इन्क्लूड म्हणजे मजकूर जसाच्या तसा चिकटवणं, दुसरं काही नाही. जी++ ला -ई हा कॅपिटल पर्याय देऊन संकलन.सीपीपी चालव, चिकटवलेला सगळा मजकूर पडद्यावर येईल. एकदा डोळ्यांनी बघच. गार्ड त्या एका चिकटवणीत मजकूर दोनदा येऊ देत नाही. पण कंपायलर पुढची सीपीपी घेतो तेव्हा कोरी पाटी असते, गार्डही नव्यानं सुरू होतो. म्हणजे चार ऑब्जेक्ट फायलींत (कंपाइल होऊन निघालेल्या .ओ फायलींत) चार दरकाढ तयार. हे पडताळायला एनएम ही फायलीतली नावं दाखवणारी कमांड संकलन.ओ वर चालव. दरकाढच्या आधी कॅपिटल टी दिसेल: ‘हे नाव माझ्याकडे आहे आणि सगळ्यांसाठी खुलं आहे.’ हिशेब.ओ वरही तेच. लिंकरनं कुठलं घ्यायचं?

सातवा_बेंचनं सांगितलेलं इनलाइन चालेल. इनलाइन केल्यावर एनएममध्ये टीऐवजी डब्ल्यू दिसतो, म्हणजे ‘सारख्या प्रती असतील तर एक ठेवा, बाकीच्या टाका’. क्लासच्या कंसात लिहिलेली फंक्शनं आपोआप इनलाइन असतात, म्हणून त्यांच्यावर तुला ही एरर कधी आली नाही. पण तुझ्या बाबतीत मी इनलाइन करणार नाही. हेडरमध्ये दरकाढची फक्त ओळख ठेव, एक ओळ आणि शेवटी अर्धविराम. आतलं सगळं दर.सीपीपीत. दरपत्रक बदललं की तेवढी एकच फाइल कंपाइल होईल, आणि दूध संघ दरपत्रक किती वेळा बदलतो ते तुझ्या वडिलांना विचार.

‘सारख्या प्रती’ या शब्दांवर इथं थोडं थांबते, कारण माझे चार दिवस त्यावर गेलेत. २०११ ची गोष्ट. माझ्या फायलीत ‘नोंद’ नावाचं छोटं स्ट्रक्चर होतं: वेळ आणि तापमान, दोन पूर्णांक, ८ बाइट. सहकाऱ्याच्या फायलीतही ‘नोंद’ होतं: वेळ, तापमान आणि दाबाची ८ वाचनं, ४० बाइट. दोन्ही आपापल्या सीपीपीत, हेडरमध्ये एकही नाही. आम्हाला दोघांनाही वाटत होतं की सीपीपीतलं ते खाजगीच. दोन्हींचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारं फंक्शन) क्लासच्या कंसात, सगळं शून्य करणारा. नाव तेच, म्हणून लिंकरनं दोन्ही सारखे धरले आणि त्याचा ठेवला. माझी ८ बाइटची नोंद तयार होताना ४० बाइट शून्य व्हायचे, शेजारचे व्हेरिएबल पुसले जायचे. एकही एरर नाही, वॉर्निंग नाही. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये कन्स्ट्रक्टर जागच्या जागी विरघळायचा, म्हणून तिथं सगळं ठीक. फक्त डीबग बिल्ड कोसळायची. शेवटी मी एनएमची यादी कागदावर छापली आणि पट्टी लावून वाचली, तेव्हा एकच ‘नोंद’ सापडली.

तेव्हापासून सीपीपीच्या आतलं, बाहेर न लागणारं जे काही असेल ते मी निनावी नेमस्पेसमध्ये टाकते: ‘नेमस्पेस’ लिहून लगेच महिरपी कंस, मध्ये नाव नाही. तू विचारलेलं फायलीचं कुंपण ते हेच. आत ठेवलेलं साधं फंक्शन एनएममध्ये छोट्या टीनं दिसतं, बाहेरच्या कुणाला सापडत नाही. तुझ्या अहवाल.सीपीपीतली रेघा मारणारी, रकाने जुळवणारी फंक्शनं असतील, ती आजच तिथं हलव.

राहिली बाकी. सातवा_बेंच, तुझ्या दोन्ही सूचनांवर मला हरकत आहे, आणि ती मनापासून सांगते. हिशेब हा सभासदाचा प्रकार नाही, त्यामुळे इनहेरिट करणं मुळातच चुकीचं. शिवाय ते चालणारही नाही. हिशेबाच्या फंक्शनला ‘सभासद &स’ असा दुसरा ऑब्जेक्ट दिला आणि त्याच्या प्रोटेक्टेड बाकीला हात लावला, तरी कंपायलर अडवतो. इनहेरिट केलेल्या क्लासला प्रोटेक्टेड मेंबर आपल्या स्वतःच्या प्रकारच्या ऑब्जेक्टमधूनच मिळतो. प्रोटेक्टेड भाषेत आलं ते ऐंशीच्या दशकात, इंटरव्ह्यूज या ग्राफिक्स लायब्ररीच्या मार्क लिंटन यांच्या मागणीवरून. काही वर्षांनी त्यांनीच आपल्या लायब्ररीत प्रोटेक्टेड डेटा वापरायला बंदी घातली, कारण चुका तिथूनच निघत होत्या.

आणि सेटबाकी म्हणजे पब्लिकच. त्या दुबार प्रतीच्या फंक्शनमध्ये ‘-= पेंड’ऐवजी ‘सेटबाकी(गेटबाकी() - पेंड)’ लिहिलं गेलं असतं. आजींचे पैसे तसेच कापले गेले असते.

तुझे वडील बाकी ‘सेट’ करतात का? नाही. ते दूध जमा करतात, पोतं दिलं की पावती फाडून कपात लिहितात, उचल देतात. क्लासला तीच फंक्शनं दे:

क्लास सभासद {
पब्लिक:
  व्हॉइड दूधजमा(पैसे रक्कम);
  बूल कपात(इंट पावती, पैसे रक्कम);
  पैसे बाकी() कॉन्स्ट;
प्रायव्हेट:
  पैसे बाकी_;
  सेट<इंट> कापलेल्या_पावत्या_;
};

कपात आधी बघेल की ही पावती कापलेल्या पावत्यांत आहे का. असेल तर फॉल्स परत, बाकी तशीच. नियम एका जागी बसला. कितीही फायलींतून कितीही वेळा बोलावलं तरी एक पोतं एकदाच कापलं जाईल. प्रायव्हेट कशासाठी, तर यासाठी. बाकी_ उघडी असेल तर हा नियम प्रत्येक फायलीत आठवणीनं पाळावा लागतो, आणि रात्री अकराला कुणाला आठवतं?

हे एवढं सुचवून थांबले असते, पण तुझी चूक याहून सोप्या गोष्टीनं पकडली गेली असती. अहवालातल्या प्रत्येक फंक्शननं सभासद घेताना ‘कॉन्स्ट सभासद &स’ असा घ्यायला हवा. मग बाकी पब्लिक असती तरीसुद्धा ‘स.बाकी -= पेंड’ला कंपायलरनं ‘रीड-ओन्ली’ म्हणून तिथंच अडवलं असतं. छापणाऱ्या फायलीनं कधीच काही बदलायचं नसतं, ते तिच्या फंक्शनांच्या सहीतच, म्हणजे नाव आणि आर्ग्युमेंटच्या ओळीतच, लिहून टाक.

अजून एक. तुझी बाकी डबल किंवा फ्लोटमध्ये असेल तर आजच बदल. पैसे पूर्णांकात ठेव, रुपये नाही तर पैशांत. डबलमध्ये ०.१० नेमका बसत नाही, साठ सभासदांच्या वीस वेळांच्या बेरजेत एखादा पैसा इकडेतिकडे होतो आणि वही जुळत नाही. वर ‘पैसे’ लिहिलंय तो ६४ बिटांचा पूर्णांक समज.

---

बंगळूरवासी

मी जावात काम करतो, त्यामुळे थोडी भर. वारणाकाठ, तुझा प्रश्न वेडा नाही, कारण इतर भाषांत असं सांगता येतं. जावात काहीच लिहिलं नाही तर मेंबर त्या पॅकेजपुरता खुला राहतो, आणि प्रोटेक्टेडही त्याच पॅकेजमधल्या सगळ्यांना दिसतं (सी प्लस प्लसहून हे वेगळं आहे, मुलाखतीत विचारतात). २०१७ च्या जावा ९ पासून मॉड्यूल आली, त्यात पब्लिक असलेला क्लासही एक्सपोर्ट केल्याशिवाय बाहेर वापरता येत नाही. आणि स्विफ्टमध्ये तर शब्दशः ‘फाइलप्रायव्हेट’ असा कीवर्ड आहे.

सी प्लस प्लस २० मध्येही मॉड्यूल आहेत ना? ते का नाही सुचवलं, मॅडम?

---

जुनी_मेकफाइल

आहेत, आणि मला आवडतातही. एक्सपोर्ट न केलेलं नाव बाहेर वापरता येत नाही, इन्क्लूडची चिकटवाचिकटवी नाही. पण कॉलेजच्या मशीनवरचा कंपायलर किती जुना आहे कोण जाणे, आणि बिल्डची घडी नव्यानं बसवावी लागते. पुढच्या दहा दिवसांत बिल काढायचंय त्या मुलाला त्यात नको ढकलायला. आणि मॉड्यूल वापरलं तरी प्रायव्हेटचा अर्थ बदलत नाही, तो क्लासपुरताच राहतो.

---

वारणाकाठ

ताई, खूप आभार. एनएम चालवून बघितलं, खरंच चारही फायलींत कॅपिटल टी होता. दरकाढ दर.सीपीपीत हलवलं, एरर गेली. अहवालात सगळीकडे कॉन्स्ट लावलं तर कंपायलरनं दोन ओळी दाखवल्या. एक ती दुबार प्रतीची. दुसरी मला माहीतच नव्हती: महिन्याच्या यादीत सभासदांचा क्रम लावताना मी नाव कॅपिटल करून परत तिथंच ठेवत होतो.

पण एक राहिलं. ‘कपात’ पब्लिक आहे, म्हणजे संकलन.सीपीपीसुद्धा ती बोलावू शकते. कपात फक्त हिशेबाच्या क्लासनं करावी असं हवंय. हिशेबाला फ्रेंड केलं तर? वाचलं की फ्रेंडला सगळंच उघडं होतं, मग तो बँक खातं क्रमांकही बदलू शकेल. मला फक्त कपात उघडायचीय.

---

जुनी_मेकफाइल

ती दुसरी ओळ सापडली हे वाचून फार बरं वाटलं.

फ्रेंडचं बरोबर वाचलंस. मैत्री सगळ्या प्रायव्हेटची असते, एकेका मेंबरची देता येत नाही. (ती उलट्या बाजूनं लागू होत नाही, मित्राच्या मित्राला मिळत नाही, मित्राच्या वारसालाही नाही.) पण मैत्री सभासदशी करायचीच नाही. मध्ये एक चावी ठेव:

क्लास कपातचावी {
  कपातचावी() {}
  फ्रेंड क्लास हिशेब;
};

क्लासमध्ये काही न लिहिता पहिलं येतं ते प्रायव्हेट, म्हणून हा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट आहे. चावी बनवू शकतो तो फक्त हिशेब. आता सभासदमधली कपात पब्लिकच राहू दे, पण तिला पहिला आर्ग्युमेंट ‘कपातचावी’ लाव. हिशेबाच्या आत ‘स.कपात({}, पावती, रक्कम)’ चालेल. संकलनातून तीच ओळ लिहिली तर चावी बनतच नाही. बँक खातं सभासदच्या प्रायव्हेटमध्ये सुरक्षित, कारण हिशेब चावीचा मित्र आहे, सभासदचा नाही.

एका ठिकाणी जपून. कन्स्ट्रक्टरचे ते रिकामे महिरपी कंस काढून तिथं ‘= डिफॉल्ट’ लिहायचा मोह होईल, नवीन पुस्तकांत तसं दिसतं. सी प्लस प्लस ११ ते १७ मध्ये तसं केलं तर हा क्लास ॲग्रिगेट ठरतो, म्हणजे कन्स्ट्रक्टर न बोलावता नुसत्या कंसांनी भरता येणारा, आणि ‘कपातचावी{}’ कुणालाही बनवता येते, प्रायव्हेट असूनही. सी प्लस प्लस २० मध्ये ही फट बुजवली. तुझा कंपायलर कुठल्या नियमावर चालतोय ते माहीत नसेल तर रिकामे कंसच ठेव.

कपातचावी आणि सभासद दोन्ही सभासद.एच मध्येच असू देत. हिशेबाचं पूर्ण हेडर तिथं इन्क्लूड करू नकोस, वरची फ्रेंड ओळ तेवढी पुरते. नाहीतर सभासद हिशेबाला इन्क्लूड करतो, हिशेब सभासदाला, आणि गार्डमुळे एकाला दुसऱ्याचा क्लास दिसत नाही, मग अजून एक दिवस त्यात जाईल.

---

वारणाकाठ

केलं ताई. संकलन.सीपीपीत मुद्दाम कपात बोलावून बघितली, ‘कपातचावी::कपातचावी() इज प्रायव्हेट विदिन धिस कॉन्टेक्स्ट’ आलं. यावेळी पब्लिक नाही केलं, ती ओळच काढली.

मागच्या दहा दिवसांचे सगळे आकडे पैशांत करून परत चालवले. आजींची पावती सलग तीनदा छापली, तिन्हींवर एकच रक्कम. वडिलांनी वही उघडून बाजूला ठेवली आणि साठही पावत्या एकेक करून जुळवल्या, दीड तास लागला. दोन ठिकाणी फरक आला. दोन्हीकडे वहीत बेरीज चुकली होती, एकीकडे आपण जास्त दिले होते, एकीकडे ४० रुपये कमी. ते ४० रुपये उद्या सकाळी द्यायचेत.